परबांच्या गळ्याची वकील

सुलभा परबला कोणी सहज "कशी आहेस?" म्हणून विचारलं, की ती क्षणभर थांबायची आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "कुठल्या ग्रंथीबद्दल विचारतोयस?" नवा माणूस गोंधळून जायचा. आम्ही जुने लोक हसायचो, पण आम्हाला हेही ठाऊक होतं, की उत्तर खरोखरच ग्रंथीनुसार वेगळं होतं.

भोईवाड्याच्या कोर्टात, बार रूममध्ये, आमचं टेबल एक होतं. मी शिवाजी पार्कजवळच्या जुन्या फ्लॅटात वाढलेला, वडीलही वकील. ती लालबागची, वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. "तुला कोट वडिलांचा मिळाला, मला शिवून घ्यावा लागला," असं ती मला एकदा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती वस्तुस्थिती सांगत होती, आणि वस्तुस्थिती सांगायला तिला कधी कसला संकोच वाटला नाही. मला ती नावाने हाक मारत नसे. 'दादरकर' म्हणायची.

उंचीने बेताची, केस मागे घट्ट ओढलेले, काळ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. पंख्याखालची खुर्ची तिची होती. तिथे दुसरं कोणी बसलेलं असलं, तर ती काही बोलायची नाही. नुसती शेजारी जाऊन उभी राहायची. थोड्या वेळाने बसलेल्यालाच कसंतरी व्हायचं आणि तो उठायचा. तिच्या डब्यात सुका बांगडा असायचा. डबा उघडला की दोन टेबलं पलीकडचे जोशी वकील नाकाला रुमाल लावायचे. "हरकत नोंदवून घेतली," ती म्हणायची आणि जेवायला लागायची. पुढे पुढे जोशी वकीलच तिला विचारायला लागले, की आज डब्यात काय आहे.

तिच्याकडे येणारी माणसं आसपासचीच. पोटगी मागणाऱ्या बायका, भाडेकरू, मारामारीत सापडलेली पोरं. उलटतपासणीत ती फार छोटे प्रश्न विचारायची. "मोठ्या प्रश्नात साक्षीदाराला लपायला जागा मिळते," हे तिचं म्हणणं. 'तुम्ही तिथे होतात? उभे की बसलेले? काय दिसलं?' असं ती एक एक पायरी उतरत जायची आणि साक्षीदार तिच्यामागून नकळत तळघरात पोचायचा.

पण तिची ख्याती होती ती तापटपणाची. चांगलं चाललेलं असताना मध्येच तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. कपाळावर घाम यायचा, हातातले कागद थरथरायचे. टेबलाची कड धरून ती उभी राहायची, मग काही मिनिटांनी पुन्हा बोलायला लागायची. सगळ्यांना वाटायचं, बाईंचा पारा चढला. पक्षकारांना ते आवडायचं. आपल्यासाठी वकील एवढ्या रागावतात, यात त्यांना समाधान होतं. घराजवळच्या डॉक्टरांनी तिला आधी शांत झोपेच्या गोळ्या दिल्या. नंतरच्या एकाने वयाचा परिणाम सांगितला. तेव्हा ती चाळिशीच्या जरा पुढे होती. "वयाचा परिणाम असेल तर तुम्हाला का नाही झाला?" असं तिने त्या डॉक्टरांना विचारलं आणि फाइल घेऊन उठली.

खरं काय ते कळलं कोर्टातच.

मारहाणीचं एक प्रकरण होतं. जखमीला तपासणाऱ्या डॉक्टर साक्षीला आल्या होत्या. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या, सबनीस आडनावाच्या, शांत, चष्मा लावणाऱ्या बाई. सुलभा त्यांची उलटतपासणी घेत होती आणि अर्ध्यात तिला तो झटका आला. ती टेबल धरून उभी राहिली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून डॉक्टर सबनीस तिच्याकडे बघत राहिल्या. साक्ष संपल्यावर त्या निघून गेल्या नाहीत. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्या व्हरांड्यात उभ्या होत्या.

"तुम्हाला असं नेहमी होतं का?" त्यांनी विचारलं.

"कसं?"

"घाम, धडधड आणि डोकेदुखी. तिन्ही एकदम."

"डॉक्टर, माझं कामच टेन्शनचं आहे."

"ते मी विचारलं नाही. तिन्ही एकदम होतं?"

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. तिला अशा प्रश्नांची सवय होती, पण विचारण्याची. "होतं," ती म्हणाली.

"काही कारण नसतानाही?"

"हो."

"वडील आहेत?"

"नाहीत. मी शाळेत असताना गेले. हर्नियाचं ऑपरेशन होतं, टेबलावरच गेले."

"घरात कोणाला गळ्याला गाठ होती?"

इथे सुलभा पहिल्यांदा थांबली. "आत्याला होती," ती सावकाश म्हणाली. "एका चुलतभावालाही होती. दोघंही नाहीत आता. तुम्हाला कसं कळलं?"

तिला समोरच्या दवाखान्यात नेऊन डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, मग मशीन बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या हातावर घेतला. मशीन बिघडलेलं नव्हतं.

तपासण्यांना काही आठवडे गेले. शेवटी जे निघालं ते सुलभाने मला बार रूममध्ये, शेंगदाणे खात, एखादा खटला समजावून सांगावा तसं सांगितलं. शरीरात हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. एक गळ्यात असते. तिच्या मागे तांदळाच्या दाण्यांएवढ्या चार असतात. दोन असतात दोन किडन्यांच्या डोक्यावर. काही घराण्यांत जन्मापासूनच रक्तात एक चूक असते, आणि तिच्यामुळे या ग्रंथींमध्ये एकीनंतर एक गाठी होत जातात. तिच्या उजव्या किडनीवरच्या ग्रंथीत गाठ होती. तीच मनाला येईल तेव्हा रक्तात असं काही सोडायची, की माणसाला वाघ समोर आल्यासारखं व्हावं. गळ्यातही गाठ होती आणि ती कॅन्सरची होती. ज्याच्यात ही चूक आहे, त्याच्या प्रत्येक मुलात ती उतरायची शक्यता निम्मी. नाणं उडवावं तशी.

"म्हणजे मी तापट नव्हते," ती म्हणाली. "एवढी वर्षं उगाच नाव झालं."

तिने शेंगदाण्यांची पुडी माझ्याकडे सरकवली.

परबांच्या घरात या गोष्टीला वेगळं नाव होतं. गळ्याचा दोष. कोण्या पूर्वजाने गावच्या देवळात गळ्याला हात लावून खोटी शपथ घेतली होती आणि तेव्हापासून घराण्यात माणसं अशी जातात, असं मानलं जायचं. दर काही वर्षांनी गावी जाऊन देवाला नारळ-कोंबडा व्हायचा. सुलभा त्याला हसली नाही. "दोष आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं," ती म्हणायची. "फक्त पत्ता चुकला."

आता ऑपरेशनचं आईला सांगायचं होतं. त्यासाठी तिने मला बरोबर नेलं. "साक्षीदार असलेला बरा," म्हणाली.

लालबागला त्यांची चाळ पडून टॉवर झाला होता. एकोणिसाव्या मजल्यावर आई, भाऊ प्रकाश, त्याची बायको संगीता, त्यांची सहा वर्षांची मुलगी मधुरा आणि सुलभा असे राहायचे. आई चाळीतल्या सवयीने घराचं दार दिवसभर उघडं ठेवायची. आम्ही गेलो तेव्हा ती जमिनीवर बसून वाल सोलत होती. ऑपरेशन हा शब्द ऐकला आणि तिने हातातला वाल खाली ठेवला.

"ऑपरेशन करूचा नाय," ती म्हणाली. "तुझो बापूस हसत गेल्लो. दारात उभो रवान माका हात केल्यान. तो नको म्हणत होतो गे. मीच मागे लागलंय. मीच धाडलंय तेका."

सुलभाने हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, असं तिने मला नंतर सांगितलं. आईला तीस वर्षांहून जास्त काळ वाटत होतं, की नवऱ्याला आपणच मारलं. ती कोणाला बोलली नव्हती.

सुलभा खाली तिच्यासमोर बसली. "आये, ऐक. बाबा तुझ्यामुळे नाय गेले. डॉक्टरांमुळे पण नाय गेले. माझ्या पोटात जी गाठ हा, तीच तेंच्या पोटात होती. ती कोणाक ठाऊक नव्हती. भूल दिल्यावर ती उसळली आणि रगत डोक्यात चढला."

आईने सोललेले वाल बाजूला सारले. मग म्हणाली, "मगे तेंच्या कपाळात होता म्हण."

"कपाळात नाय गे," सुलभा म्हणाली. "किडनीच्या वर होता."

आई उठली. भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पदराने काच पुसायला लागली, पुसत राहिली. खाली येताना लिफ्टमध्ये सुलभा मला म्हणाली, "दादरकर, मी लहानपणापासून बघतेय, आई त्या फोटोकडे सरळ बघायची नाही. मला वाटायचं, जुन्या बायका नवऱ्याकडे बघत नाहीत, तसं असेल."

वडिलांच्या वेळी जे कोणाला माहीत नव्हतं, ते आता माहीत होतं. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे रक्तदाब काबूत आणणारी औषधं घ्यायची होती आणि भरपूर पाणी प्यायचं होतं, मीठही खायचं होतं. या शेवटच्या सूचनेचा सुलभाने पुरेपूर फायदा घेतला. बार रूममध्ये ज्याच्या ज्याच्या डब्यात लोणचं असेल त्याच्याकडे ती हक्काने जायची. "वैद्यकीय आदेश आहे," म्हणायची आणि फोड उचलायची.

पोटातली गाठ नीट निघाली. काही महिन्यांनी गळ्याचं ऑपरेशन झालं. ते करताना दिसलं, की कॅन्सर शेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचला आहे. डॉक्टर सबनीसांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. तिने त्यांना एकच विचारलं, "हेच लहानपणी काढलं असतं तर?"

"सहा-सात वर्षांची असताना काढलं असतं, तर बहुतेक हा कॅन्सर झालाच नसता."

तिच्या घरात एक मुलगी सहा वर्षांची होती.

त्या ऑपरेशननंतर सुलभाचा आवाज बसला तो कायमचा. खोल, खरखरीत, हळू. कोर्टात ती बोलायला लागली की सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागायचं आणि तिला तेही सोयीचं वाटलं. गळ्यातली ग्रंथी गेल्यामुळे रोज पहाटे उपाशीपोटी एक गोळी घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा प्यायचा नाही, असा नियम आला. तिला चहाशिवाय दुसरं काही सुचत नसे. त्यामुळे तो अर्धा तास ती नातेवाइकांना फोन करण्यात घालवायची. पहाटे फोन वाजला की विरार ते गिरगाव सगळ्या परबांना कळायचं, सुलभाने गोळी घेतली. "काका, तुमचे मोठे भाऊ कशाने गेले? नाही, हार्ट अटॅक म्हणू नका. त्याआधी काय होत होतं ते सांगा." 'परब परिवार' नावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यावर रोज सुप्रभातची फुलं यायची. तिने तिथे लिहिलं, 'आपल्या घरात पन्नाशीच्या आत कोण कोण आणि कसं गेलं, ते प्रत्येकाने कळवावं.' त्या दिवशी काही जण ग्रुप सोडून गेले. उरलेल्यांनी फुलं पाठवणंही बंद केलं.

पण बाहेरच्या लोकांचं तिला एवढं वाटलं नाही. घरातच गाडं अडलं. प्रकाश रक्त द्यायला तयार होईना. तो स्वभावाने गरीब माणूस, एका खासगी कंपनीत स्टोअर सांभाळायचा. वडिलांना स्ट्रेचरवरून परत आणलेलं त्याने लहानपणी पाहिलं होतं. सुलभाने त्याला समजावलं, की तुझ्यात नसेल तर मधुराला सुईसुद्धा लावावी लागणार नाही.

"आणि असलं तर?" तो म्हणाला. "मग मी दिलं ना तिला?"

"बाबांनी आपल्याला दिलं. तुझा बाबांवर राग आहे?"

मग संगीता बोलली. उद्या हे बाहेर कळलं तर पोरीचं लग्न कसं होणार, असं तिने विचारलं.

"आधी तिला लग्नाच्या वयाची होऊ दे," सुलभा म्हणाली.

तिने ते ज्या सुरात म्हटलं असेल, तो मी कल्पू शकतो. साक्षीदाराला तोडताना लागायचा तोच. संगीता रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "तुम्हाला मूल नाही ताई. तुम्हाला बोलायला सोपं आहे."

दुसऱ्या दिवशी सुलभा मला हे सगळं सांगत होती. मी संगीताला नावं ठेवायला लागलो तेव्हा तिने हाताने थांबवलं. "ती बरोबर बोलली. मी घरात कोर्ट भरवलं. आईने मला वाढवलंय, तसं ती मधुराला वाढवतेय. मी तिच्यासमोर वकील म्हणून उभी राहिले, हेच चुकलं."

त्यानंतर ती घरातून बाहेर पडली. कोर्टामागच्या एका चाळीत खोली घेतली. रागाने नाही. "मी समोर दिसले की त्यांना तो विषय दिसतो," म्हणाली. "थोडे दिवस दिसायला नको." काही महिने असेच गेले. सणाला आईकडून डबा यायचा, तो प्रकाश आणून द्यायचा, पण आत यायचा नाही. दारातून डबा द्यायचा आणि जायचा. पहाटेचे फोन तिने बाकी सगळ्यांना केले, त्या घरी एकही केला नाही. तिला किती जड गेलं असेल ते सांगता येणार नाही, कारण मधुरावर तिचा फार जीव होता, आणि गेलेला प्रत्येक महिना काय करतोय हे तिला इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

हा गुंता सोडवला आईने. पुढचं मी सुलभाकडूनच ऐकलं, आणि एकदा नव्हे. ती आईची नक्कल करून सांगायची.

सुलभाचा हॉस्पिटलात तपासणीचा दिवस आईला ठाऊक होता. त्या सकाळी तिने इस्त्रीची साडी नेसली आणि प्रकाशला सांगितलं, "माका हास्पिटलात ने." आईला काही होतंय असं वाटून त्याने रजा टाकली, टॅक्सी केली. हॉस्पिटलच्या लांब बाकावर सुलभा आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. बघते तर समोरून आई येतेय, मागून प्रकाश. आई तिच्याशी बोलली नाही. सरळ रक्त घेतात त्या खुर्चीत जाऊन बसली आणि दंड उघडा करून हात पुढे केला.

डॉक्टर सबनीसांना बोलावलं गेलं. त्या समजावून सांगायला लागल्या, "आजी, तुमचं रक्त नको आम्हाला. तुम्ही परबांच्या घरात लग्न होऊन आलात. हे परबांच्या रक्तात आहे."

"माजा नको?" आईने विचारलं.

"नको."

"मगे ह्येचा घेवा," आई प्रकाशकडे बोट दाखवून म्हणाली. "ह्येकाच घेवन इलंय." आणि तिने खुर्ची रिकामी केली. प्रकाशला ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाशीक मी धाडलंय तेव्हा कोणाक काय ठाऊक नव्हता. आता ठाऊक हा. आता नको म्हणशीत तर ता तुझ्या डोक्यार."

प्रकाश बसला. सुलभा म्हणायची, "अख्खी वकिली फुकट गेली. आईने एका वाक्यात केस निकालात काढली."

नाणं मात्र आमच्या बाजूने पडलं नाही. प्रकाशमध्ये दोष निघाला. मधुरामध्येही निघाला.

मधुराला सांगायचं काम संगीताने सुलभाकडे सोपवलं. दोघींमध्ये त्या काळात झालेलं हे पहिलं बोलणं. सुलभाने मुलीला कसली गोष्टबिष्ट सांगितली नाही. आपल्या गळ्यावरचा व्रण दाखवला. तो ती कधीच झाकत नसे. म्हणाली, "इथे आत एक छोटी ग्रंथी असते. आपल्या घरात ती पुढे खराब होते. म्हणून खराब व्हायच्या आधीच काढायची."

मधुराने विचार केला. "दात पडतो तसं?"

"तसंच. फक्त हा परत येत नाही. त्याच्याऐवजी रोज एक गोळी."

"कडू?"

"चवच नाही तिला. पण नंतर अर्धा तास दूध नाही मिळणार."

"मला दूध आवडतच नाही," मधुरा म्हणाली, आणि तिच्या बाजूने प्रश्न मिटला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. काढलेल्या ग्रंथीचा रिपोर्ट आठवड्याने आला. वरून निरोगी दिसणाऱ्या त्या इवल्याशा ग्रंथीत कॅन्सरची सुरुवात झालेली होती, पण ती बाहेर कुठे गेलेली नव्हती. वेळेवर काढली, एवढंच डॉक्टर म्हणाल्या.

त्या दुपारी संगीता भोईवाड्याच्या कोर्टात आली. याआधी ती तिथे कधीच आली नव्हती. व्हरांड्यातल्या गर्दीत, पोलिसांच्या आणि पक्षकारांच्या मध्ये ती भिंतीला चिकटून उभी होती. सुलभा बाहेर आली तशी ती पुढे झाली. तिने पाया-बिया पडायचा प्रयत्न केला नाही, माफीही मागितली नाही. म्हणाली, "ताई, खोलीची किल्ली द्या. सामान बांधायला मी आलेय." सुलभाने पर्समधून किल्ली काढून दिली. मग आत आली, पंख्याखाली बसली आणि बराच वेळ कोणतीतरी फाइल उघडून उलटी धरून वाचत राहिली.

आता उरले बाकीचे परब. त्यांच्यासाठी तिने जे केलं ते बघायला मी हजर होतो.

त्यांच्या गावच्या मुंबईकर मंडळाची दरवर्षी लालबागच्या एका हॉलमध्ये सत्यनारायणाची पूजा व्हायची. झाडून सगळे परब यायचे. पूजेनंतर सर्वांत वयस्क आप्पाकाका देवासमोर गाऱ्हाणं घालायचे. मालवणी रिवाज असा, की गाऱ्हाणं घालणारा एक एक मागणं मागतो आणि जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. सुलभा आदल्या दिवशी आप्पाकाकांकडे गेली होती. तिथे काय झालं ते तिने सांगितलं नाही. आप्पाकाकांचा एक मुलगा तरुणपणीच गेला होता, एवढं मला माहीत होतं.

आप्पाकाका नारळ हातात घेऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरा हय जमली हत, तेंका सुखी ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या कामाधंद्याक यश दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या गळ्याक जो दोष लागलो हा, तो दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आणि त्यासाठी हय उभ्या असलेल्या एकेका परबाक रगत तपासून घेवची बुद्धी दी म्हाराजा."

हॉल शांत झाला. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आप्पाकाका डोळे मिटून नारळ धरून उभे. ते पुढे जाईनात. देवासमोर मागितलेल्याला नाही कसं म्हणायचं? मागच्या रांगेतून सुलभाची आई म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग प्रकाश, मग हळूहळू सगळे. काहींनी जेवणाकडे बघत म्हटलं, पण म्हटलं.

सगळे आले असं नाही. पण बरेच आले. काहींचं रक्त स्वच्छ निघालं, काहींचं नाही. ज्यांचं नाही त्यांच्या मुलांवर वेळेत उपचार झाले. ग्रुपवर पुन्हा फुलं यायला लागली.

याची गोष्ट हॉस्पिटलात पसरली. डॉक्टर सबनीस मग अशी दुसरी घरं आली आणि अडली, की सुलभाला बोलवायच्या. ती शनिवारी जायची. परळला, गिरगावात, कुठेही. मी एकदा विचारलं, हे लोक तुझे कोण? ती म्हणाली, "आजाराकडून भाऊबंद."

तिचा स्वतःचा आजार मात्र आत पुढे सरकत होता. तो यकृतापर्यंत गेला. ती बारीक होत गेली, कोट खांद्यावरून लोंबायला लागला, कोर्टात मध्येच उठून जावं लागायचं. तिने कामं कमी केली, पक्षकार एकेकाला समजावून दुसऱ्यांकडे दिले. काही माझ्याकडे दिले आणि वर बजावलं, "छोटे प्रश्न विचार रे. तुझ्या प्रश्नांना फार शेपट्या असतात." ती घाबरली होती का? मला वाटतं, होती. एकदा रिपोर्ट घेऊन येताना टॅक्सीत तिने माझा हात धरला आणि लालबाग येईपर्यंत सोडला नाही.

ती गेली त्याच्या आधीच्या महिन्यातली गोष्ट. कफ परेडच्या मच्छीमार नगरात एक घर होतं. त्या घरातला तरुण मुलगा असाच एका साध्या ऑपरेशनमध्ये गेला होता, नंतर कारण कळलं होतं. त्याची मुलगी सात वर्षांची. तिची आई तपासणीला तयार होती, पण आजी ऐकत नव्हती. सुलभा दोनदा जाऊन आली होती. तिसऱ्यांदा तिला एकटीला जाववेना म्हणून मी बरोबर गेलो.

किनाऱ्यावर बांबूंना बोंबील वाळत घातले होते. त्यांच्यामध्ये ती आजी काम करत होती, हिरवं लुगडं खोचलेलं, हात खाऱ्या पाण्याने पांढरे पडलेले. तिने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. सुलभा एका पालथ्या क्रेटवर बसली. दम लागला होता.

"पुन्हा आलीस?" आजी म्हणाली. "तुला सांगितलं ना, आमच्या घरातला माणूस हॉस्पिटलात गेला की परत येत नाही."

"मी आले ना परत."

आजीने आता वळून तिच्याकडे पाहिलं. तिचे गाल, हाडं निघालेली मनगटं, सैल झालेला ब्लाउज. "आणि काय झालीस बघ," ती म्हणाली. "अशी करून आणायची माझी नात?"

मला वाटलं, आता इथून उठावं. सुलभा हसली. मनापासून, तिच्या त्या खरखरीत आवाजात.

"मी उशिरा गेले गं," ती म्हणाली. "म्हणून अशी दिसते. हिला लवकर ने. माझी भाची हिच्याएवढीच होती तेव्हा नेली. ती आता मैदानात पळते, माझ्या हाताला लागत नाही."

आजी पुन्हा कामाकडे वळली. बोंबील उलटत राहिली. सुलभा क्रेटवरून उठली नाही. वारा होता, खारा. ती छोटी मुलगी शाळेच्या गणवेशात आली आणि सुलभाच्या शेजारी क्रेटच्या उरलेल्या कडेवर टेकली. बऱ्याच वेळाने आजीने हात धुतले, घरात गेली आणि बाहेर आली ती नेसण बदलून. "चल," ती म्हणाली, "पण मी तिच्याजवळून हलणार नाही, सांगून ठेवते."

मी रस्त्यावर जाऊन टॅक्सी थांबवली. मागे आजी, मुलगी आणि मुलीची आई बसल्या. आजीच्या मांडीवर कसलीतरी मोठी पिशवी होती, ती पिशवी ती कोणाला देईना. पुढे ड्रायव्हरशेजारी सुलभा बसली. मी दार उघडून कुठे जागा होतेय का बघत होतो.

सुलभाने काच खाली केली.

"नाही मावणार रे दादरकर," ती म्हणाली. "तू बसने ये."

आणि मागे वळून ती त्या मुलीशी बोलायला लागली. टॅक्सी परळच्या दिशेला निघाली.